मानाच्या जागेवरची पेटी

माणूस मोठा असला की त्याची सावली लांब पडते, असं म्हणतात. आमच्या कोक-झारच्या जेक्शेनची सावली लांब पडायची खरी, पण ती सूर्य खाली उतरल्यावर. आणि सूर्य खाली उतरला की बकरीचीही सावली लांबच पडते.

जन्मभर या माणसानं एकच काम केलं. दुसरा माणूस आणि टेलिफोन यांच्या मधे उभं राहण्याचं.

सामुदायिक शेतीच्या काळात गावच्या कचेरीत एक काळा टेलिफोन होता आणि जेक्शेन त्या कचेरीचा राखणदार होता. राखणदारानं टेलिफोनला हात लावायचा नाही, असा नियम. तो त्यानं कधीच पाळला नाही. पण दुसऱ्या कुणी हात लावू नये, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाळलं. घंटी वाजली की बाहीनं टेलिफोन पुसायचा, छाती फुगवायची आणि असा ओरडायचा की खिंडीपलीकडच्या माणसाला टेलिफोनशिवाय ऐकू जावं. ज्याच्यासाठी निरोप आला तो माणूस बाजूला टोपी हातात धरून उभा. बोलणं झालं की जेक्शेन वळून म्हणायचा, "तुझी मावशी बरी आहे." बस्स. मावशी एवढा वेळ काय काय बोलली, ते त्याच्या पोटात जायचं आणि तिथंच जिरायचं.

मग ते राज्य बुडालं. आधी सामुदायिक मेंढ्या गेल्या, मग कचेरीच्या खिडक्या गेल्या, मग खांबांवरच्या तांब्याच्या तारा व्यापाऱ्यांच्या ट्रकांत बसून सरहद्दीपलीकडे गेल्या. खांब कुठे गेले ते मात्र सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावात सर्वांत सरळ वाशांचा गोठा जेक्शेनचा आहे. त्याच्या गाई अजून टेलिफोनच्या खांबांखाली रवंथ करतात.

पुढे मोबाइल आले, तरी आमची दरी खोल. गावात आवाज पोचेना. गावामागच्या टेकडीवर घोड्यानं चढून गेलं की तिथं तेवढं बोलता यायचं. आवाज यायचा, चित्र यायचं नाही. जेक्शेन तिथंही हजर. कुणाच्याही फोनमधे तोंड घालून पलीकडच्याला सांगायचा, "मी जेक्शेन बोलतोय, इकडचं सगळं ठीक आहे."

या माणसाच्या धाकट्या भावाची बायको म्हणजे झेयने. लहानपणी तापात तिचे कान गेले, आणि कान गेल्यावर जीभही मुकी झाली. मी आणि ती एकाच उतारावर कोकरं राखत वाढलो, म्हणून तिच्या हातांची भाषा मला येते. ती कुठल्या शाळेतली नाही. कोकरू, लांडगा, पाऊस, आई, भूक, खोटारडा, असे एकेक शब्द आम्ही पोरांनी आणि तिनं मिळून घडवले होते. नवरा घोड्यावरून पडून वारला तेव्हा तिच्या पदरात मेरिम नावाची मुलगी होती. मेरिमला ऐकू यायचं, बोलता यायचं. पण आईशी तिचं सगळं बोलणं हातांनी. त्या दोघी ओढ्यावर बोलत उभ्या असल्या की पाण्यावर दोन पाखरं भांडताहेत असं वाटायचं.

मेरिम मोठी झाली, राजधानीत शिवणकामाच्या कारखान्यात गेली. मुलीचा फोन आला की झेयने जेक्शेनबरोबर टेकडी चढायची. तो बराच वेळ फोनवर गडगडाट करायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, जसं कुणी बंद दाराकडे बघतं. शेवटी तो फोन खिशात टाकून तिला अंगठा वर करून दाखवायचा. एवढीच तिची मुलगी तिच्या वाट्याला यायची. एक अंगठा.

थोरल्याला मारतात ती हाक मारून मी एकदा म्हटलं, "आके, दोनचार खुणा शिकून घ्या की."

तो म्हणाला, "मी शिकू? तिला अक्कल असती तर ती नसती का ऐकायला शिकली?"

एका उन्हाळ्यात शहरातले लोक आले. गरीब खेड्यांना थोडक्या खर्चात इंटरनेट द्यायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. या विषयावर मोठ्या हॉटेलांत त्यांच्या सभा होतात म्हणे. गरिबीवर बोलायला मऊ खुर्ची लागते. एकाच्या घरी यंत्र लावायचं, तिथून ते सगळ्या गल्लीला पोचवायचं, अशी त्यांची युक्ती होती, आणि युक्ती वाईट नव्हती हे मी मान्य करतो. वाईट होता तो मुहूर्त. उन्हाळ्यात आमचं गाव गावात नसतं, हे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. माणसं, घोडे, मेंढ्या, तंबू, सगळं वर कुरणांवर. खाली गावात गुडघे धरलेला जेक्शेन आणि त्याची बायको बातमा, एवढीच दोन माणसं. पाहुण्यांनी गावाला हाक मारली आणि गावानं जेक्शेनच्या तोंडून ओ दिली.

त्यांच्यातल्या एका पोरानं छतावर थाळी बसवली, तिचं तोंड खिंडीवरच्या मनोऱ्याकडे केलं, तार खाली सोडली आणि एक पांढरी पेटी जेक्शेनच्या हातात दिली.

"आता, ही बाहेर चौकातल्या खांबावर टांगायची. उघड्यावर. म्हणजे सगळ्यांना नेट मिळेल."

"टांगू, टांगू. आधी जेवा."

ते मेंढी जेवले, गाडीत बसले आणि गेले. त्यांच्या कागदावर कोक-झार जोडलं गेलं.

शरदात आम्ही कळप घेऊन खाली उतरलो तेव्हा पेटी कुठं होती? तोरवर. दारातून शिरल्यावर अगदी समोर, भिंतीला टेकून जी मानाची बैठक असते, जिथं म्हातारा पाहुणा बसतो, तिथं. पत्रा मढवलेल्या मोठ्या पेटाऱ्यावर गोधड्यांची चळत, तिच्यावर पेटी, आणि पेटीवर बातमानं स्वतः भरतकाम केलेला मखमली रुमाल.

"एवढ्या लांबून आलेली वस्तू," जेक्शेन म्हणाला, "तिला काय कुत्र्यासारखं बाहेर थंडीत टांगायचं?"

आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गावातल्या एकाही शहाण्याला त्यात काही खटकलं नाही. पाहुण्याला दाराबाहेर टांगणारं गाव आमचं नाही.

आता आमच्या भिंती हातभर जाडीच्या, मातीच्या. आत लोकर लाटून केलेल्या जाड नमद्याचे पडदे, मागे पत्र्याचा पेटारा. नेट त्या खोलीतून बाहेर पडेना. खोलीतही तोरपाशी भरपूर, आणि दाराकडे जावं तसं आटत आटत नाहीसं. आमच्याकडे बसायचा क्रम वयाचा. सर्वांत म्हातारा तोरवर, त्याच्या खाली त्याहून लहान, असं करत पोरं दाराजवळ चपलांत. त्यामुळे झालं असं, की ज्यांच्या खिशात फोनच नव्हता अशा पांढऱ्या दाढ्यांच्या अंगावरून नेट ओसंडून वाहत होतं, आणि ज्यांच्या हातात फोन होते ती तरणी मुलं चपलांत बसून फोन छताकडे उचलत होती.

"आके, थोडं वर सरकू का?"

"दाढी आली की सरक."

पोरांनी शोधून काढलं की मागच्या खिडकीबाहेर, शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगावर उभं राहिलं की थोडं नेट मिळतं. चारसहा जण त्या ढिगावर चढून उभे राहायला लागले. जेक्शेननं ते पाहिलं आणि खिडकीला आतून जाड नमदा ठोकला. म्हणाला, पेटीला वारं लागतं.

हे असंच चाललं असतं आणि आम्ही हसत राहिलो असतो. पण खिंडीत बर्फ पडलं, रस्ता बंद झाला, आणि मेरिमच्या लग्नाची गोष्ट निघाली.

मुलगा तिच्याच कारखान्यातला, तिलेक नावाचा. त्याच्या आईनं सोयरिकीसाठी फोन केला. झेयनेकडे फोन नव्हताच, तेव्हा निरोप गेला थोरल्या दिराकडे. तो टेकडीवर चढला. मीही तिथं होतो, माझ्या कामासाठी. त्याचं बोलणं मला ऐकायचं नव्हतं, पण त्याचा आवाज न ऐकण्यासाठी झेयनेसारखेच कान हवेत.

"हो, हो, आमची मंजुरी आहे!... आई? आई तयार आहे, तिचं मी बोलतोय ना!... थांबायचं कशाला? याच महिन्यात उरकून टाका. खिंड बंद आहे तर असू दे. ती बहिरी बाई, तिला ना गाणं ऐकू येणार ना वाजंत्री. तिथं येऊन ती करणार काय?"

मी घोड्याचा लगाम धरून उभा राहिलो. मला वाटलं तो निदान खाली उतरून तिला विचारील. तो खाली उतरला आणि त्यानं मिठाई वाटली.

झेयने अंगणात लोकर झोडत होती. मी तिला हातांनी सगळं सांगितलं. तिनं काठ्या खाली ठेवल्या. विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "याच महिन्यात." तिनं खिंडीकडे बघितलं. वर सगळं पांढरं, वाट पुसलेली. मग तिनं लहानपणीचा तो शब्द केला, दोन बोटं वाकडी करून ओठांवरून पुढे. खोटारडा. आणि मग सावकाश, मला नीट कळावं म्हणून: "एकच मुलगी. मी बघणार. मी नसताना नाही."

मी पुन्हा टेकडीवर गेलो आणि मेरिमला फोन लावला.

ती म्हणाली, "ओमुर बाइके, मी कुणाचं खरं मानू? मोठे काका म्हणतात आई हो म्हणाली. तुम्ही म्हणता नाही म्हणाली. तिकडे सासूबाईंनी पाहुणे बोलवायला घेतलेत. उद्या तिसराच कुणी सांगेल की आई रुसली. मला आईचे हात दाखवा. हात जे सांगतील ते मी करीन."

टेकडीवर हात दिसत नाहीत. हात दिसायची जागा गावात एकच होती. मी जेक्शेनच्या घरी गेलो.

"आके, झेयनेला पेटीपाशी घटकाभर बसू द्या. मुलीशी बोलेल."

तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. "बहिरीला फोन! उद्या आंधळ्याला आरसा मागायला येशील. आणि बसेल कुठं? तोरवर? माझ्यासमोर?"

त्याचं हे शेवटचं खरं होतं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोरवर जात नाही. त्याच्याकडे पाठ करत नाही, त्याचं नाव घेत नाही. नावाचा नियम झेयनेनं जन्मभर चोख पाळला होता; बाकीचे पाळायला ती चुलीपाशी बसायची.

पण जेक्शेनला त्याची हौस भोवली. कानातलं घालायचा दिवस ठरला. आमच्यात मुलाची आई मुलीच्या कानात कुडी घालते आणि मग सोयरीक पक्की. जेक्शेननं ठरवलं की हा सोहळा पेटीतून बघायचा, सगळ्या गावानं बघायचा, आणि गावानं तो बघताना जेक्शेनला बघायचं. मेंढी कापली. म्हातारे क्रमानं बसले. मी मधे कुठंतरी, पोरं चपलांत, आणि झेयने दाराजवळच्या चुलीशी, वाट्यांत चहा ओतायला. मुलीची आई!

जेक्शेन तोरवर बसला, हात लांब करून फोन धरला. पलीकडे एक गोल चेहऱ्याची, लाल रुमालाची बाई उमटली. मुलाची आई.

"या विहीणबाई, या! घर तुमचंच!" जेक्शेन गरजला.

"जेक्शेन आके, तुमची टोपी फार सुरेख आहे. पण आम्हाला टोपीच दिसतेय, जरा खाली घ्या." खोलीत खसखस पिकली. "आणि आमची विहीण कुठंय? कुड्या तिच्या देखत घालायच्यात."

"आहे की ती. चहा ओततेय. तिचं काय ते मी सांगतो."

"चहा तुम्ही ओता," बाई म्हणाली. "तिला दाखवा."

आता व्याह्यांचा शब्द मोडायचा कसा? जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्यांचं हजार वर्षांचं, असं आमच्यात म्हणतात. जेक्शेननं ओठ चावला आणि फोन खालच्या म्हाताऱ्याकडे दिला, झेयनेपर्यंत पोचवायला. त्या म्हाताऱ्यानं पुढच्याकडे दिला. तिथं बाईचा चेहरा अडखळला. त्याच्या पुढच्याकडे गेला तेव्हा चेहऱ्याचे चौकोन झाले, जशी फाटकी गोधडी. चुलीपाशी पोचेपर्यंत काच काळी. झेयनेनं फोन हातात घेतला, तिला स्वतःचंच तोंड दिसलं.

"गेली!" पोरं ओरडली.

"परत वर आणा!"

फोन वर आला तशी बाई परत आली, अर्ध्या वाक्यात. "...का दाखवत नाही? आजारी आहे का ती?"

पुन्हा खाली पाठवला. पुन्हा चौकोन, पुन्हा काळोख. पेटी मानाच्या जागी बसलेली. मान सोडून खाली यायला ती तयार नव्हती. तिला तिथं बसवलं कुणी, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे एकदम जेक्शेनकडे बघायला लागले.

"फोन तिच्याकडे जात नाही तर तिला फोनकडे आणा की!" पलीकडून बाई म्हणाली. "एवढी माणसं बसलीत, एकालाही सुचत नाही?"

मग बातमा बोलली. जेक्शेनची बायको त्याच्यासमोर आवाज चढवताना मी आधी कधी ऐकली नव्हती.

"व्याह्यांचा शब्द खाली पडू देणार का? सरका जरा. गुडघे दुखतात ना तुमचे? मग बाजूला पसरून बसा."

झेयनेनं हात फडक्याला पुसले. मान खाली न घालता, म्हाताऱ्यांच्या ओळींमधून ती सरळ वर चालत आली आणि जेक्शेननं रिकामी केलेल्या जागेवर बसली. फोन तिनं पेटीला टेकवून उभा केला आणि मखमली रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला. काचेत मेरिम आली.

मग त्या खोलीत जे बोलणं झालं त्याला आवाज नव्हता. तिकडे मेरिमचे हात, इकडे झेयनेचे.

"जेवतेस का? बारीक झालीस."

"जेवते. आई, तू हो म्हणालीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. मुलगा दाखव."

तिलेक पुढे आला. दांडगा, लाजरा पोरगा. त्यानं मेरिमकडून दोनच शब्द शिकले होते, आई आणि ये, आणि तेच तो आलटून पालटून करत राहिला. आई, ये. आई, ये. झेयने त्याच्या तोंडाकडे बघत होती. कान असलेल्या माणसाला गोड बोलून फसवता येतं; तिला फसवायला सगळा चेहरा खोटा करावा लागतो, आणि ते या पोराला जमणारं नव्हतं. ती हसली. मग तिचे हात सावकाश, एकेक करून बोलले.

"मुलगा चालेल. कुड्या आज घाला, मी बघते. लग्न खिंड उघडल्यावर. पहिल्या गाडीनं मी येईन. मी नसताना नाही."

मेरिमनं डोळे पुसले आणि वळून सासूला काहीतरी सांगितलं. बाईनं छातीवर हात ठेवून मान लववली, आणि पोरगा, तिसरा शब्द येत नसल्यामुळे, पुन्हा म्हणाला: आई, ये.

"काय म्हणाली?" जेक्शेन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणाली ती? हो की नाही? ए ओमुर, तुला कळतं, सांग!"

"तिलाच विचारा, आके," मी म्हटलं. "आयुष्यभर तुम्हीच तर तिच्या वतीनं बोलत आलात."

म्हातारे दाढीत हसले. त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुड्या घातल्या गेल्या आणि झेयनेनं दोन्ही तळवे समोर उघडले. आशीर्वाद. आशीर्वाद चालू असताना आमच्यात कुणी बोलत नाही, हातातला घास खाली ठेवतात. सगळ्या खोलीनं तळवे उघडले. जेक्शेनलाही उघडावे लागले. ती काही बोलत नव्हती, बोलू शकतच नव्हती, म्हणून आशीर्वाद कधी संपणार ते कुणाला कळेना. ती तळवे चेहऱ्यावरून फिरवील तेव्हाच. तिनं घाई केली नाही. तोवर जेक्शेन उघड्या तळव्यांनी, मिटल्या तोंडानं बसून राहिला. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब बैठक असावी.

त्या हिवाळ्यात तो गावभर सांगत फिरला की लग्न पुढे ढकलायचं त्यानंच सुचवलं. व्याही ऐकत नव्हते, त्यानं ऐकायला लावलं. ऐकणारे ऐकत होते. थंडीत करमणूक लागतेच.

बर्फ वितळलं. खिंड उघडली आणि लोकर नेणारा पहिला ट्रक चिखल उडवत गावात आला. जेक्शेन नवी टोपी घालून पुढच्या सीटकडे निघाला, तर चालकानं दार आतून धरून ठेवलं.

"पुढे मुलीची आई बसणार. व्याह्यांचा तसा फोन आलाय. तुम्ही मागे बसा, आके, लोकर मऊ आहे."

झेयने पुढे बसली, मांडीवर लग्नाचा नमदा, नजर खिंडीकडे. ट्रक हलला. मागे लोकरीच्या पोत्यांमधे आम्ही चारपाच जण, आणि आमच्यामधे जेक्शेन, पोत्याला धरून, चाकांच्या गोंगाटावर ओरडत होता की ही सोयरीक त्यानं कशी जुळवली. रस्ता खराब होता, धक्के बसत होते, आणि दर धक्क्याला त्याचं वाक्य तुटायचं. पुढचं ऐकायची कुणी वाट बघत नव्हतं.